रान का रुसते? – युन्नानच्या एका शास्त्रज्ञाची चाळीस वर्षे

(जिल्हा बैठकीत आले उत्पादक गटाच्या वतीने झालेले भाषण. वनौषधींच्या करार शेतीचा प्रस्ताव बैठकीपुढे होता.)



आज आपण कशासाठी जमलो आहोत ते सगळ्यांना ठाऊक आहे. गेले दोन महिने आपल्या भागात एका कंपनीची माणसे हिंडत आहेत. वनौषधी लावा, रोपे आम्ही देतो, माल आम्ही उचलतो, ऊस आणि आले विसरून जा, असे सांगत आहेत. करारनाम्याचा छापील कागद बऱ्याच घरांत जाऊन पडला आहे. काहींनी सही केली आहे, बरेच जण आज काय ठरते याची वाट बघत आहेत. सही करा किंवा करू नका, एवढेच सांगून खाली बसावे असा आमचा विचार होता. पण आमच्या गटात चार-पाच बैठका झाल्या आणि प्रश्न वाटला त्याहून खोल निघाला. म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

आम्ही आल्याची माणसे. आल्याच्या भावावर आपण भांडलो, पुढेही भांडू. पण आमचे दुसरे एक दुखणे आहे आणि ते बाजारात नाही, मातीत आहे. नव्या रानात आले लावले की पहिल्या वर्षी गड्डे असे पोसतात की बघत राहावे. त्याच रानात पुन्हा लावले की पाने पिवळी पडतात, बुडखा मऊ होतो आणि उपटून बघावे तर कंद कुजलेला. मग आम्ही काय करतो? रान पालटतो. स्वतःचे संपले की शेजाऱ्याचे खंडाने घेतो, गावातले संपले की पुढच्या गावात जातो. तोवर औषधांची आळवणी करत राहतो आणि दुकानदाराची उधारी चढत राहते. बेवड चांगला पाहिजे हे आपल्या आज्यापणज्यांना कळत होते. आपल्याला कळत नाही असे नाही, पण कर्ज फेडायचे असते आणि नगदी पीक दुसरे दिसत नाही.

आता हीच माणसे औषधी वनस्पती लावणार. तेव्हा आम्ही विचार केला, ज्या देशात औषधी वनस्पतींची शेती आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर होते, तिथे काय घडले ते बघावे. तो देश चीन. तिथे कुणी जाऊन आलेले आमच्यात नाही. शास्त्रज्ञांचे निबंध आणि छापून आलेली माहिती आमच्यातल्या शिकलेल्या पोरांनी वाचून समजावली, तीच तुमच्यापुढे ठेवतो. त्यात एका माणसाचे आयुष्य आम्हाला सापडले. त्याचे नाव झू योयोंग.

तीन-सात नावाचे पीक

आधी पीक सांगतो, मग माणूस. चीनच्या नैर्ऋत्य टोकाला युन्नान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. ब्रह्मदेश, लाओस आणि व्हिएतनाम यांच्या सीमा त्याला लागतात. तिथल्या वेनशान भागात सानछी नावाचे झाड पिकवतात. सान म्हणजे तीन आणि छी म्हणजे सात. आपल्या सांचीच्या स्तूपाशी त्याचा संबंध नाही. जिनसेंग हे नाव आपण ऐकले आहे, सानछी त्याचाच चुलतभाऊ. गुडघ्याएवढे झाड, खाली गाठीगाठीचे मूळ. औषध त्या मुळात. रक्तस्राव थांबवायला आणि मुका मार लागून साकळलेले रक्त मोकळे करायला चिनी वैद्य ते शेकडो वर्षे वापरत आले. ली शिझेन नावाच्या वैद्याचा वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ 1596 साली छापला गेला. त्यात या मुळाला ‘सोन्याच्या बदल्यातही न देण्यासारखे’ अशा अर्थाचे नाव नोंदलेले आहे. युन्नानचे एक प्रसिद्ध पांढरे औषध 1902 सालापासून जखमांवर वापरात आहे, त्यातही सानछी आहे.

हे झाड मूळचे जंगलातले, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. उघड्या उन्हात ते टिकत नाही. मागणी वाढली तशी जंगलातली झाडे खणून संपली आणि आता जे मिळते ते लागवडीचेच. लागवड म्हणजे काय? खांब रोवायचे, वर काळी जाळी ताणायची, खाली गादीवाफे करायचे. पहिल्या वर्षी रोप, मग लावणी, तिसऱ्या वर्षी काढणी. तीन वर्षे पैसा रानात अडकलेला. मैलोगणती डोंगर या काळ्या जाळ्यांनी झाकून गेले.

आणि मग जे आल्याचे, तेच सानछीचे. एकदा पीक काढले की त्या रानात पुन्हा सानछी येत नाही. बी रुजले तरी रोप मरते, मुळे कुजतात. दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त ते रान सानछीपुरते मेलेले. जाळीखाली दाटीने एकच पीक, दमट हवा, म्हणून बुरशीही भरपूर. वरून फवारे, खालून आळवणी. औषधाच्या मुळात विषाचे अंश राहू लागले. वेनशानची चांगली राने संपत गेली तसे लागवडदार शेजारच्या जिल्ह्यांत सरकत गेले. खंडाने जमीन घ्यायची, तीन वर्षे वापरायची आणि पुढे जायचे. भावांनो, हे ऐकताना आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. ही आमचीच गोष्ट होती, फक्त गावांची नावे चिनी होती.

आधी भाताचा धडा

झू योयोंग यांचा जन्म 1955 सालचा, युन्नानातल्याच गेज्यू इथला. 1966 पासून दहा वर्षे चीनमध्ये जी सांस्कृतिक क्रांतीची धामधूम झाली तिच्यात महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षा बंद पडल्या होत्या. 1977 साली त्या पुन्हा सुरू झाल्या आणि हा तरुण युन्नान कृषी विद्यापीठात दाखल झाला. विषय घेतला पिकांचे रोग.

त्या काळात त्यांच्यापुढे सानछी नव्हती, भात होता. भातावरचा करपा आपल्या कोकणातल्या भावांना सांगायला नको. युन्नानात लोक सणाला एक चिकट भात खातात. त्याला भाव चांगला मिळतो, पण जुनी उंच जात, करप्याला लगेच बळी पडणारी. बुटक्या संकरित भाताला करपा तेवढा लागत नाही, पण भाव कमी. पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर सांगितले जात होते: फवारा मारा, नाहीतर नवी जात आणा. नवी जात आणली की काही वर्षांत बुरशी तिलाही शिकते. मग पुन्हा नवी जात आणि पुन्हा नवा फवारा.

झू यांना एक साधी गोष्ट दिसली. काही शेतकरी संकरित भाताच्या रानात मधूनमधून चिकट भाताची ओळ लावत. घरच्या सणापुरता तांदूळ मिळावा एवढाच हेतू. अशा रानात चिकट भात कमी करपत होता. शेतकऱ्याच्या डोळ्यांना हे दिसत होते, पण ‘अनाडी माणसाची पद्धत’ म्हणून विद्यापीठात त्याला किंमत नव्हती. या माणसाने ती किंमत द्यायचे ठरवले आणि दहा-बारा वर्षे त्याच्या मागे लागला.

1998 साली युन्नानच्या शिपिंग आणि ज्येनश्वेई या भागांत प्रयोग झाला. विद्यापीठाच्या गुंठाभर वाफ्यात नव्हे, शेतकऱ्यांच्या रानात. पहिल्या वर्षी 812 हेक्टर, म्हणजे दोन हजार एकर. दुसऱ्या वर्षी 3342 हेक्टर, म्हणजे आठ हजार एकरांहून जास्त. पद्धत काय, तर संकरित भाताच्या चार ओळी, मग चिकट भाताची एक ओळ, पुन्हा चार. बस्स. निकाल ऑगस्ट 2000 मध्ये ‘नेचर’ या जगातल्या नावाजलेल्या शास्त्रीय साप्ताहिकात छापून आला. नुसता चिकट भात लावला त्याच्या तुलनेत मिसळून लावलेल्या चिकट भातावर करपा 94 टक्क्यांनी कमी आणि उत्पन्न 89 टक्क्यांनी जास्त. दोन वर्षांच्या शेवटी करप्यावरचा फवारा शेतकऱ्यांनी बंद केला.

हे का घडले तेही समजून घेऊ, कारण जादू कुणी केलेली नाही. बुरशीचे बीज वाऱ्यावर उडून शेजारच्या धाटावर पडते. सगळे रान एकाच जातीचे असले तर जिथे पडेल तिथे तिला जेवण वाढलेले. मध्ये न लागणाऱ्या जातीच्या चार ओळी आल्या की बरेचसे बीज वाया जाते. शिवाय चिकट भात उंच, आजूबाजूचा बुटका, त्यामुळे उंच धाटांना वारा लागतो, पाने लवकर सुकतात आणि ओल्या पानावर माजणाऱ्या बुरशीचे फावत नाही. आपण ज्वारीत तूर घालतो, बाजरीत मटकी घालतो, त्यामागेही आपल्या आज्यांचा असाच काही हिशेब होता. आपल्याला मात्र शिकवले गेले की सलग एक पीक म्हणजे सुधारलेली शेती.

औषधच विष होते

भाताने झू यांचे नाव जगात झाले. ते विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 2011 साली चीनच्या अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य म्हणून निवडले गेले. आपल्याकडे अशा वेळी माणूस गाडीत बसतो आणि समारंभाच्या फिती कापत हिंडतो. हे गृहस्थ सानछीच्या मेलेल्या रानाकडे वळले. भातावरचा रोग वाऱ्याने येतो, सानछीचा आणि आल्याचा मातीतून. मातीतला प्रश्न अवघड, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

त्यांच्या विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी मातीत काय साठते ते तपासले. 2015 साली छापलेल्या त्यांच्या निबंधातली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सानछीच्या मुळात जे सत्त्व औषध म्हणून काम करते, तेच थोडे थोडे मुळांतून मातीत उतरते. तीन वर्षांत ते इतके साठते की त्याच मातीत पडलेल्या सानछीच्या बियाला ते बाधते. रोपाची मुळे खुरटतात. मातीतल्या बुरशी आणि जिवाणूंचा तोलही ढळलेला असतो, मग दुबळ्या मुळावर मूळकुज तुटून पडते. ज्या गुणासाठी माणूस त्या झाडाला सोन्याचा भाव देतो, तोच गुण त्या झाडाच्या पुढच्या पिढीला विष ठरतो.

आता सांगा, यावर बुरशीनाशकाची आळवणी करून काय होणार? बुरशी हे अर्धेच दुखणे आहे. आल्यात नेमके हेच घडते असा आमचा दावा नाही. आल्याची कूज ही आल्याची कूज आहे, तिची तपासणी आल्यावरच व्हायला पाहिजे. पण दरवर्षी डबे ओतताना आपण हा प्रश्न कधी विचारलाच नाही, एवढे मात्र खरे.

त्याच गटाने मका आणि मिरचीचीही गोष्ट तपासली. मिरचीची मर पसरवणारी एक बुरशी पाण्यातून पोहत मुळापर्यंत जाते. मिरचीच्या ओळींमध्ये मक्याच्या ओळी घातल्या तर मक्याची मुळे मातीत भिंतीसारखी उभी राहतात. बुरशीचे बीज मक्याच्या मुळांकडे ओढले जाते आणि तिथल्या स्रावाने मरते. हे काम 2014 साली छापून आले. म्हणजे करप्याला जमिनीच्या वर जो अडसर घातला, तोच मर रोगाला जमिनीच्या खाली घातला. विचार तोच, जागा बदलली.

जंगलात परत

पण सानछीच्या मेलेल्या रानाचे काय? इथे आम्ही तुम्हाला सरळ सांगतो, कारण कंपनीचा माणूस हे सांगणार नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ, एवढे विद्यापीठ, एवढा पैसा, तरी जुन्या रानात फवारून किंवा ओतून सानछी पुन्हा जोमाने आणण्याचा सोपा उपाय निघाला नाही. झू यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी विचारले, हे झाड मुळात राहत होते कुठे? जंगलात. मग त्याला जंगलातच नेऊन लावू.

2015 साली चीनच्या अभियांत्रिकी अकादमीकडे युन्नानमधले गरीब भाग मदतीसाठी सोपवण्यात आले. त्यांपैकी एक लानत्सांग, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळचा लाहू आदिवासींचा डोंगराळ जिल्हा. झू तेव्हा साठीचे होते. ते स्वतः होऊन तिथे गेले. हाओझिबा नावाच्या गावात मुक्काम ठोकला आणि पुढची वर्षे तिथे येत-राहत काढली. लोकांची भाषा थोडीफार शिकून घेतली.

गावाभोवती पाइन झाडांचे जंगल होते. लोक जळण आणि छत्र्या गोळा करण्यापलीकडे त्याचा उपयोग करत नव्हते. झू यांनी त्या झाडांखाली, झाड न तोडता, मोकळ्या जागेत लहान लहान गादीवाफे केले आणि सानछी लावली. वरची सावली फुकट, काळ्या जाळीचा खर्च नाही. पानांचा पाचोळा फुकट, म्हणून रासायनिक खत नाही. वाफे विखुरलेले, मध्ये झाडे आणि झुडपे, म्हणून एका वाफ्यातला रोग दुसऱ्यात सहज जात नाही. फवाराही नाही. उत्पन्न जाळीखालच्यापेक्षा कमी, पण विषाचा अंश नसलेल्या मुळाला भाव जास्त. आणि पाळी बदलायला डोंगरभर जागा.

पण यालाही मर्यादा आहेत. सगळ्या जंगलात सानछी येत नाही. ऊन जास्त पडले तरी बिघडते आणि कमी पडले तरी बिघडते. पाणी साचले की मूळ कुजतेच. तण हाताने काढावे लागते. आणि उद्या भावाच्या मोहाने एकेका डोंगरावर गर्दी केली तर जंगलाचेही मळे होतील आणि रोग तिथेही चढेल. निसर्गाने दिलेली सूट माणूस ओरबाडून घेऊ लागला की ती सूट संपते.

दुसरी गोष्ट अधिक साधी. लानत्सांगमध्ये भात काढल्यावर हिवाळ्यात राने पडीक राहत. थंडी तिथे सौम्य. झू यांनी तिथे हिवाळी बटाटा लावायला शिकवला. तो मार्चच्या सुमाराला निघतो, तेव्हा चीनच्या बाजारात नवा बटाटा फारसा नसतो, त्यामुळे भाव मिळतो. शिकवायची पद्धत बघा. शेतकऱ्यांचा वर्ग भरवला, पण तो शेतात. फळ्यावरची परीक्षा नाही. रानातून बटाटे किती निघाले हीच परीक्षा.

हिशेब कुणाचा?

आता आपल्या कामाची गोष्ट. तंत्र चांगले असले म्हणून शेतकऱ्याचे भले होते असे नाही. हा धडा आपण या चळवळीत पहिल्या दिवसापासून शिकलो. उत्पादन वाढवा म्हणाले, वाढवले, आणि भाव पडले.

सानछीचेही तेच झाले. 2009-10 च्या सुमाराला युन्नानात मोठा दुष्काळ पडला. माल कमी झाला, भाव चढू लागला आणि 2013 पर्यंत कित्येक पटींनी चढला. बातमी पसरली. ज्यांनी सानछी कधी बघितली नव्हती त्यांनीही कर्ज काढून जाळ्या उभारल्या. पीक तीन वर्षांचे. तीन वर्षांनी सगळ्यांचा माल एकदम बाजारात आला आणि भाव कोसळला. सोन्याच्या भावाचे मूळ मातीच्या भावाने विकावे लागले.

आपल्याकडे सफेद मुसळीचे काय झाले ते आठवा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत विदर्भ-खानदेशापासून इकडेपर्यंत मुसळीचे वेड पसरले. तेव्हा पैसा कुणी केला? ज्यांनी पहिल्यांदा बियाणे विकले त्यांनी. पहिल्याने दुसऱ्याला कंद विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला. औषधासाठी वाळलेली मुसळी विकायची वेळ आली तेव्हा घेणारे हात थोडे आणि देणारे हजारो. आमच्या गटातल्या एका घरात मुसळीची पोती कितीतरी दिवस माळ्यावर पडून होती. माल उचलतो म्हणणारा माणूस पुन्हा दिसला नाही.

मग झू यांनी लानत्सांगमध्ये काय वेगळे केले? दोन गोष्टी. एक, जंगलातल्या सानछीचे तंत्र त्यांनी विकले नाही. ते कंपन्यांना विनामोबदला दिले, पण अटी घालून: रसायन वापरायचे नाही आणि मिळकतीतला ठरलेला वाटा ज्यांचे जंगल त्या लोकांना द्यायचा. दोन, तंत्र शेतकऱ्याच्या हातात बसेपर्यंत शिकवणारा माणूस गाव सोडून गेला नाही.

यात सगळे गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. डिसेंबर 2019 मध्ये चिनी सरकारने झू यांना ‘काळाचा आदर्श’ म्हणून गौरवले आणि 2020 साली लानत्सांग गरिबीतून मुक्त झाल्याचे जाहीर केले. सरकारे काय काय जाहीर करतात ते आपल्याला माहीत आहे. चीनमध्ये जमीन शेतकऱ्याच्या मालकीची नाही, आणि शेतकऱ्याला आपल्यासारखी स्वतंत्र संघटना बांधता येत नाही. तिथे वाटा मिळाला तो एका शास्त्रज्ञाने अट घातली म्हणून. उद्या तो माणूस नसेल तेव्हा? आपल्याकडे असा शास्त्रज्ञ नाही, पण संघटना आहे. जी अट तिथे एका माणसाने घातली, ती इथे आपण सगळ्यांनी मिळून घालायची आहे.

आमच्या गटाचे म्हणणे

सही करू नका, असे आम्ही म्हणत नाही. नव्या पिकाला घाबरणारा शेतकरी नव्हे. पण सही करण्याआधी कंपनीला चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरे लेखी घ्यायची.

पहिला प्रश्न: या पिकाचा बेवड कसा? काढणीनंतर त्या रानात पुन्हा हेच पीक किती वर्षांनी येते, आणि मध्ये दुसरे कोणते पीक घेता येते? ज्याला हे सांगता येत नाही तो आपले रान भाड्याने न घेता वापरून टाकणार आहे.

दुसरा: रोग आला तर कुणाचा? रोपे तुमची, औषध तुम्ही सांगाल ते, मग पीक कुजले तर तोटा एकट्या शेतकऱ्याचा का? छापील कागदात तोट्याचे कलम आम्ही शोधले. शेतकऱ्याने काय भरायचे ते सगळे आहे. कंपनीने काय भरायचे ते कुठेच नाही.

तिसरा: भाव कोणता? ‘बाजारभावाप्रमाणे’ हा शब्द आम्हाला चालणार नाही. कोणता बाजार, कोणत्या दिवशीचा, वाळवण्याची घट कुणाच्या माथी, हे लिहून पाहिजे. उत्पादन खर्च भरून निघेल असा किमान भाव ठरल्याशिवाय एक गुंठाही लावायचा नाही.

चौथा: रोप कुणाचे? पुढच्या वर्षी आपल्याच रानातले बी धरून रोप करता येईल की पुन्हा विकत घ्यावे लागेल? मुसळीचा सगळा खेळ इथेच झाला होता.

उत्तरे समाधानाची आली तरी सलग एकरच्या एकर लावायचे नाही. पाच गावांत, प्रत्येक गावी दोन शेतकरी, आंब्याच्या किंवा दुसऱ्या झाडांच्या सावलीत, दुसऱ्या पिकांत मिसळून, दहा-दहा गुंठे लावून बघू. हिशेब एका वहीत लिहू आणि ती वही याच बैठकीपुढे ठेवू.

आणि आल्याचे? त्यासाठीही एक वही करायची आहे. कोणत्या रानात आले कधी लावले, आधी काय होते, किती कुजले, किती ओतले, किती निघाले, हे प्रत्येकाने लिहायचे. युन्नानच्या त्या माणसाला भाताचे उत्तर प्रयोगशाळेत सापडले नाही. ते शेतकऱ्याच्या चार ओळी आणि एक ओळीत आधीच उभे होते. त्याने फक्त ते नीट मोजले. आपल्या रानांतही अशी कुठली तरी ओळ उभी असेल. कुणाचे आले हळदीशेजारी कमी कुजले असेल, कुणाचे मक्यानंतर. आपण ते बांधावर बोलतो आणि विसरतो. दोनशे जणांनी दोन हंगाम लिहिले तर कृषी विद्यापीठाच्या दारात आपण रिकाम्या हाताने जाणार नाही. आमच्या रानांचा हा हिशेब आहे, आता तुम्ही तपासा, असे त्यांना सांगता येईल.

वह्या आम्ही आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत. करारनामा आज घडी घालून घरी न्या. वहीत मात्र पहिली नोंद आजच लिहा.